मेंढरांना पास होता, आत्याला नव्हता

माझ्या आत्याला तिच्या स्वतःच्या गावात येऊ दिलं नाही. २०२० सालच्या एप्रिल महिन्यात, टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात. आधी सरकारनं जिल्ह्याच्या हद्दीवर अडवलं, मग गावानं वेशीवर. सरकारच्या विरोधात मी तेव्हाच पत्रकं लिहिली आणि वाटली. गावाबद्दल आज लिहिते आहे, कारण पत्रकात आपल्याच गावाला धारेवर धरायची आपल्याकडं पद्धत नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, उमापूरच्या पुढं. आत्या गावातच दिलेली, दोन गल्ल्या सोडून. आमच्या घरानं मेंढरं मोडून शेती धरली, तिच्या सासरनं मेंढरं सोडली नाहीत, एवढाच दोन घरांतला फरक. दिवाळी झाली की आत्या आणि मामा (आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो) कळप घेऊन नगर जिल्ह्यात जातात. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कुत्री. तिकडचे शेतकरी बोलावून बोलावून मेंढरं वावरात बसवून घेतात. रात्रभर कळप बसला की रानाला खत मिळतं, बदल्यात यांना ज्वारी. पावसाच्या आत परत. यासाठी कुणी कधी कुणाची परवानगी काढली नव्हती.

त्या वर्षी मेंढरं रोग आणतात अशी अफवा उठली. ज्यांनी बोलावून नेलं होतं त्यांनीच रानातून उठवलं. ज्वारी बंद. रेशनकार्ड बीड जिल्ह्यातलं, म्हणून तिकडच्या दुकानात धान्य नाही. आत्याचा फोन आला, "आमी निघालोय. रस्त्यात कोणी थांबू देईना, पाणी पाजू देईना." पण जिल्हाबंदी लागलेली होती आणि पासाशिवाय हद्द ओलांडता येत नव्हती.

मी शहरातलं वसतिगृह रिकामं करून नुकतीच घरी आले होते. पास काढायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. मोबाइलवर अर्ज भरायला बसले तर वाहन क्रमांक टाकल्याशिवाय अर्ज पुढं सरकेना. मदतीच्या नंबरवर फोन लावला.

"वाहन कोणतं आहे मॅडम?"

"वाहन नाही. मेंढरं आहेत."

"मेंढरं कशात आहेत?"

"कशात म्हणजे? चालत येतायत."

"चालत येणाऱ्याला पास नसतो मॅडम."

"मग येऊ द्या ना बिनपासाचं."

"पासाशिवाय येता येत नाही."

माणूस सभ्य होता. त्यानं हे सगळं शांतपणे सांगितलं, हेच जास्त डोक्यात गेलं. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांच्या डोळ्यांसमोर माणूस म्हणजे गाडीत बसलेला माणूस होता. पायी चालणारा त्यांना दिसलाच नव्हता.

मग नियम बदलला. त्या दिवसांत नियम आज एक, उद्या दुसराच. मालवाहतूक आणि जनावरांची वाहतूक सुरू झाली, गाडीत चालक आणि सोबत एक जण, एवढ्यांनाच परवानगी. आम्ही उमापूरहून एक टेम्पो ठरवला. कळप लहान, आत फळ्या टाकून दोन मजले केले की मावणार होता. सोबतचा एक कोण, यावर घरात फार चर्चा झाली नाही. नाक्यावर पोलिसांशी बोलायचं म्हणजे पुरुष पाहिजे, म्हणून मामा. आत्या घोडा आणि कुत्री घेऊन पलीकडंच थांबणार, पुढचं पुढं बघू.

चूक इथं झाली. मामा वाट ठरवतो, चारा बघतो, सौदा करतो. पण कळप ऐकतो आत्याचं. आई मेलेली कोकरं तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आजारी मेंढी तिच्याच पालात झोपलेली. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण पास काढताना कुणाला आठवलं नाही.

मी स्कूटीवर जिल्ह्याच्या हद्दीवरच्या नाक्याच्या अलीकडं जाऊन थांबले होते. टेम्पो आला, पास दाखवला, रस्त्यावरचा आडवा बांबू वर झाला. थोडं पुढं येऊन चालकानं टेम्पो थांबवला. "पुढची गावं बंद हायेत, वाटेत काटे टाकलेत. मी हितंच उतरवतो." मेंढरं माळावर उतरली. मामानं हाळी दिली, मेंढरं उभीच. तेवढ्यात बांबूच्या पलीकडून आत्या ओरडली, "अवो, पाण्याची घागर टेम्पोतच ऱ्हायली की!"

एवढंच. सगळी मुंडकी एकदम वळली आणि अख्खा कळप बांबूखालून परत नगर जिल्ह्यात गेला.

"आरं धर बे, धर!" चालक बांबूपाशी उभ्या हवालदारावर ओरडला.

"मी काय धरू बे? तुझा माल हाय!"

एव्हाना दुधाचा टँकर येऊन मागं भोंगा वाजवत होता. रस्ता मेंढरांनी भरलेला. मामा डोक्याला हात लावून उभा. आत्या कळपाच्या मधोमध, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. नाक्यावरचे म्हातारे जमादार खुर्चीवरून उठले.

"बाई, पास मेंढरांचा हाय न्हवं?"

"व्हय साहेब."

"मग मेंढरांना पलीकडं न्या. कोण नेतंय ते मी बघत न्हाई." आणि ते खरंच तोंड फिरवून लिंबाच्या झाडाकडं बघत उभे राहिले.

आत्या चालायला लागली. मागं कळप, कळपामागं मामा, घोडा, कुत्री. अशी ती बीड जिल्ह्यात आली. मला वाटलं, जिंकलो.

गावाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या टाकून रस्ता बंद केला होता. आतल्या बाजूला गावसमितीची माणसं. त्यांत माझे वडील, तोंडाला उपरणं बांधून. ग्रामपंचायतीचे सदस्य आणि आत्याचे सख्खे धाकटे भाऊ.

"आक्का, तितंच थांब."

"कावून रं?"

"जिल्ह्याभायेरून आलीस. चौदा दिस शाळेत ऱ्हावं लागंल."

"ऱ्हाती की. मेंढरं?"

"मेंढरं शाळेत कशी चालतील?"

"मग मला सोडून ती कशी चालतील? आत्ताच बघ की नाक्यावर काय झालं ते, पोरीला इचार."

कुणीतरी हसलं. वडील हसले नाहीत. "नियम सगळ्यांला सारखा हाय. गायरानात ऱ्हा. पाणी भायेर आणून ठेवू."

"माज्या घराचं कुलूप हितून दिसतंय मला," आत्या म्हणाली. तिनं आणि मामानं कळप वळवला.

गायरानात एक झाड नाही. पाणी ठेवलं जायचं, पण माणसापुरतं. कळपाला पाजायचं तर लांबच्या खाणीत साठलेल्या पाण्यावर न्यावं लागे, भर उन्हातून. कोकरं उन्हानं गेली. आत्यानं ती स्वतः पुरली. मी भाकरी घेऊन जायचे, लांब ठेवायचे, कारण माझ्यावरही गावाचे डोळे होते.

त्याच काळात पुण्याहून एक पांढरी चारचाकी आली. गावातलंच घर, मुलगा तिकडं नोकरीला. काचेवर पास चिकटवलेला. पुण्यात तेव्हा रोगाचा जोर, हे सगळ्यांना टीव्हीवरून पाठ. वडिलांनी स्वतःच्या हातानं काटे बाजूला ओढले.

मी घरी विचारलं, "त्यांना कसं सोडलं?"

"पास हाय त्येंच्याकडं. घरातच ऱ्हातील."

"आत्याचंपण घर आहे."

"तिच्याकडं मेंढरं हायेत."

मी पत्रक लिहिलं, जिल्हा प्रशासनाच्या विरोधात.

गाडी आत जाताना आत्यानं गायरानातून बघितली होती. दुसऱ्या दिवशी मी गेले तर म्हणाली, "माज्याबी घोड्याला नंबर पाडून घे गं. पुढं लावू, मागं लावू." आणि हसली. मला हसू आलं नाही.

पुढं पुन्हा नियम बदलला, बाहेरून आलेल्यांना घरातच राहायची मुभा मिळाली. काटे हलले. आत्या तीच, कोकरं जाऊन उरलेली मेंढरं तीच, फक्त कागद बदलला होता.

आज मास्क गेले, नाके गेले, शाळेच्या भिंतीवरचे फलक रंगवून टाकले. आत्या अजून दर दिवाळीनंतर जाते आणि पावसाआधी येते. पण तेव्हापासून ती थेट गावात शिरत नाही. जिथं काटे होते तिथं कळप थांबवते आणि माझ्या वडिलांना फोन लावते. "येऊ का?"

"आगं ये की, इचारतीस काय!"

"इचारलेलं बरं."

वडील फोन ठेवतात. या विषयावर आमच्या घरात बोलणं होत नाही.

म्हणून तुमच्याशी बोलते आहे. तुमच्याही गावाच्या तोंडाशी काटे होते. ते कुणी टाकले, कुणासाठी उचलले, हे तुम्हाला माहीत आहे, कदाचित फांदीचं एक टोक तुमच्याच हातात होतं. पुढच्या ग्रामसभेला जा आणि उभं राहून ते सांगा. आणि साथ येवो, दुष्काळ येवो, कळप घेऊन पायी परतणाऱ्याला गावात वाट, पाणी आणि सावली मिळेल, असा ठराव मांडा. तो लिहिला जाऊन त्यावर सह्या होईपर्यंत जागचे उठू नका.