बेचिराग गावची पीकपाहणी

मी तलाठी होतो तेव्हा माझ्याकडे मुळशीतली पाच गावं होती, आणि त्यातलं एक बेचिराग. बेचिराग म्हणजे दप्तरात गाव आहे, नकाशात आहे, पण माणूस एकही नाही. माझ्या जन्माआधीच ते धरणात बुडालं होतं. डोंगराचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला, चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये बेट. सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या बेटावर सरकार म्हणजे मी, आणि मी तिथं एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. आता या वयात खोटं कशाला बोलू?

दर साली पीकपाहणी असायची. बांधावर जायचं, कुणी काय पिकवलंय ते डोळ्यांनी बघायचं आणि सातबाऱ्यावर लिहायचं. चार गावांत मी चिखल तुडवत जायचो, लोकांशी भांडायचो. पाचव्या गावाचं मात्र पान उघडायचं, मागच्या साली काय लिहिलंय ते बघायचं आणि खाली तेच उतरवायचं: पडीक. माझ्याआधीच्या तलाठ्यानं तेच केलं, त्याच्याआधीच्यानंही. पाऊस डोक्यावर घेऊन होडीत बसायची हौस कुणाला होती?

पौडला माझ्या शेजारच्या खोलीत एक मास्तर राहायचे. त्यांना टपालाची तिकिटं जमवायचा भारी नाद. एकदा त्यांनी पेंग्विनचं तिकीट दाखवलं. "हे फ्रान्सचं. अंटार्क्टिकाच्या अलीकडे त्यांची बेटं आहेत. वारा असा की झाड टिकत नाही. कायमची वस्ती नाही."

"मग पत्रं कोण टाकतं, पेंग्विन?" मी म्हणालो. "आणि कारभार कोण बघतं?"

"मुख्य साहेब पॅरिसात बसतो."

अहाहा! मला काय आनंद झाला! "मास्तर, म्हणजे तो माझाच भाऊबंद की!"

मग ते म्हणाले, ऑस्ट्रेलियाचंही तसलं एक बेट आहे, ओसाड, बर्फाचं, आणि तिथं त्यांच्या राजधानीचे कायदे लागू आहेत. माणूस नाही, कायदा आहे. आम्ही पोट धरून हसलो. त्या दिवसापासून मास्तर मला "द्वीपाधिपती" म्हणायला लागले आणि मीही निलाजऱ्यासारखा मिरवायला लागलो.

पुढं वरून कागद आला. वर्षानुवर्षं पडीक असलेल्या जमिनींची यादी पाठवा, त्या सरकारजमा करून झाडं लावायची आहेत. मी चहा निवायच्या आत यादी केली. बेटावरचा एकमेव खासगी तुकडा त्यात पहिला.

नोटिसा गेल्या आणि आठ दिवसांत एक म्हातारी चावडीत आली. "जयभीम, भाऊसाहेब," म्हणाली आणि ओच्यातली नाचणीची कणसं माझ्या टेबलावर ओतली.

"ह्यो कागद आलाय. नातीनं वाचून दावला. आमची बेटावरली जमीन पडीक हाय म्हनं. मंग ही नाचणी कुनी केली, माशांनी?"

मी चमकलो. "तिथं कोणी राहत नाही, आजी."

"ऱ्हात न्हाई. आमी हितं काठाला ऱ्हातो. पर माझ्या सासऱ्यापासनं दर साल होडीनं जातुया, लावतुया, काढून आनतुया. तुमी कवा आला न्हाई, म्हून तुमाला दिसलं न्हाई."

मी चिडलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. "मी काय करू? इतकी वर्षं दप्तरात पडीकच लिहिलंय!"

"लिवलंय कुनी?" तिनं शांतपणे विचारलं. मग तिचा आवाज खाली आला. "बाकी समदं पान्यात गेलं, भाऊसाहेब. तेवढाच तुकडा हाय. त्यो बी नेता व्हय?"

संध्याकाळी मी मास्तरांकडे गेलो, जरा गोंजारून घ्यायला. म्हणालो, "तुमचा फ्रान्सचा साहेब तरी कुठं बेटावर बसतो?"

"तो नाही बसत. पण त्याची बोट जाते. आणि एकेका बेटावर त्याचा एक प्रमुख माणूस वर्षभर राहतो. थंडीवाऱ्यात हवामान मोजतो, टपालावर शिक्के मारतो. आपल्याकडे वहिवाट म्हणतात ना, तीच. तुम्ही जातच नसाल तर ते बेट तुमचं असं दुसऱ्यानं का मानावं?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "द्वीपाधिपती ती बाई आहे. तुम्ही नुसते कारकून."

मला इतका राग आला की चहा तसाच टाकून उठलो. राग मास्तरांवर नव्हता, हे मला उंबऱ्यातच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसलो. म्हातारी पुढं, मी छत्री सावरत मागं. माथ्यावर चढलो आणि बघतच राहिलो. उतारावर बांधासारख्या दगडी ताली रचलेल्या, तणाचं नाव नाही, आणि वाऱ्यावर डुलणारी नाचणी. मधोमध टोपी घातलेलं बुजगावणं उभं होतं. "ह्ये आमचं हितलं भाऊसाहेब," म्हातारी म्हणाली. "ह्ये तरी पावसात उबं ऱ्हातंय." होडीवाला खो खो हसला. मीही हसलो, पण लाजेनं कान तापले होते.

तिथंच केलेला पिकाचा पंचनामा घेऊन तहसीलदारांकडे गेलो. ते म्हणाले, "यंदा पीक आहे, मान्य. पण मागं पडीक लिहिलंय. तुमच्या नोंदी खऱ्या असतील तर हे पीक यंदापुरतंच. जमीन जाणार."

म्हणजे माझ्या नोंदी खोट्या होत्या असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं, आणि ते लिहू शकणारा मी एकटाच. बाहेर अव्वल कारकुनानं मला कोपऱ्यात घेतलं. "येडे की खुळे? घरी दोन पोरं आहेत तुमच्या. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्याल." खरं सांगतो, दोन दिवस मी भ्यालो. तिसऱ्या दिवशी लिहिलं: "मागील नोंदी मी जागेवर न जाता केल्या आहेत." खाली सही केली. सही वाकडी आली.

नोकरी वाचली. ठपका बसला, आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली झाली. पण जमीन यादीतून सुटली.

म्हातारी उतारा न्यायला आली तेव्हा मी चार्ज देत होतो. "माझं नाव कुटं हाय?" मी बोट ठेवलं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. "आन् तुमी तुमच्याच इरुद्ध लिवलंय, त्ये दावा." फाइल उघडून दाखवलं. वाचता येत नव्हतं, तरी ती माझी वाकडी सही बराच वेळ बघत राहिली.

"पुढल्या साली कापनीला या," ती म्हणाली. "आपलंच गाव हाय."

पुढल्या साली मी रजा टाकली, तीन एसट्या बदलून काठावर आलो, आणि दिवसभर त्या गावात नाचणी कापली.