न उठणारे भाऊसाहेब

जाफराबादच्या एका सरकारी कचेरीत कचरू शिपाई होता. केदारखेड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, विशीत नोकरीला लागला आणि चाळिशी उलटेपर्यंत त्याच दाराशी उभा राहिला. शिपायाला बसायला दाराबाहेर लाकडी स्टूल होतं, पण ते नावालाच. साहेब आले की उठायचं, निघाले की उठायचं, घंटी वाजली की उठायचं, एखादा ठेकेदार पान खात आला तरी उठायचं. बसला तरी अर्धं अंग उभंच असायचं. रात्री तुळजाबाई तेल लावून त्याच्या पोटऱ्या चेपायची. ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकलेली असायची, पण म्हणायची, "माझं काय, मी मनात आलं की बांधावर टेकते. तुम्हाला तर टेकायचीबी सोय न्हाई."

एक्क्याऐंशी साली जालना वेगळा जिल्हा झाला. नव्या जागा निघाल्या. कचरूनं बाहेरून परीक्षा देत देत कशीबशी मॅट्रिक केली होती. दोन वर्षांनी त्याला कारकुनाची जागा मिळाली, तीही त्याच कचेरीत. कारकुनाला तिकडं भाऊसाहेब म्हणतात. काल ज्याला "ए कचऱ्या, पाणी आण" म्हणत होते, त्याला आज "कचरू भाऊसाहेब" म्हणायचं पुष्कळांच्या जिवावर आलं. काहीजण मुद्दाम 'भाऊसाहेब' लांबवून म्हणत. पण म्हणत.

पहिल्याच आठवड्यात त्याची आई गोजरबाई केदारखेड्याहून आली. कचेरीच्या दारात उभी राहून तिनं आत पाहिलं. वेताची खुर्ची, टेबल, टेबलावर घंटी, आणि खुर्चीत तिचा मुलगा. तो लगबगीनं उठायला लागला तशी ती म्हणाली, "उठू नको रे. बस. बसलेलाच पाहायला आल्ते मी." मग पदर डोळ्यांना लावून आली तशी निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून कचरू भाऊसाहेब खुर्चीतून उठत नसत.

कचेरीची रीतच तशी होती. माणूस किती मोठा, हे तो किती कमी उठतो यावरून कळायचं. शिपाई सगळ्यांसाठी उठायचा, कारकून फक्त साहेबांसाठी, आणि साहेब कुणासाठीच नाही. बाकीचे कारकून ही रीत ढिलाईनं पाळत. कोणी बिडी ओढायला बाहेर जाई, कोणी दुसऱ्याच्या टेबलावर टेकून गप्पा मारी. त्यांना ते चालून जायचं, कारण ते कधी शिपाई नव्हते. कचरू भाऊसाहेबांना वाटे, आपण एकदा जरी माठाकडे स्वतः गेलो, तरी कुणीतरी म्हणेल, "बघा, जुनी सवय." म्हणून पाणी, फाईल, डाक, टाचण्या, सगळं घंटीवर. डबाही तिथंच खायचा, हात खिडकीतून बाहेर धुवायचे. संपत नावाचा नवा शिपाई होता, तोही मनापासून करायचा. भाऊसाहेबांचा हात घंटीकडे गेला की हा दारात हजर.

सात-आठ वर्षं अशी गेली. पोट सुटलं, कंबर धरायला लागली. मग डाव्या पायावर सूज यायला लागली. संध्याकाळी चपलेचा पट्टा मांसात रुतलेला असे. पोटरी जड व्हायची, जशी कुणी ओल्या वाळूची पिशवी बांधली आहे. तुळजाबाईनं बोट दाबलं तर खड्डा पडायचा आणि कितीतरी वेळ भरायचा नाही.

एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर तिनं हट्टानं त्यांना एसटीत घालून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, रक्त तपासलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"कचेरीत असतो. बसून काम है. कष्ट बिलकुल न्हाईत."

"तेच तर. एकदा बसलात की किती वेळ उठत नाही?"

तुळजाबाई म्हणाली, "सकाळी बसले की सांजच्यालाच उठतेत. देवाची मूर्तीबी उत्सवाला बाहेर निघते, हे तेवढंबी न्हाई."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "पाय लटकून राहिले की रक्त खालीच साचतं. औषधानं काही होणार नाही. थोड्या थोड्या वेळानं उठा, व्हरांड्यात चक्कर मारा. पाणी स्वतः आणा, फाईल स्वतः आणा. नाही उठलात तर एखाद्या दिवशी पायातच रक्त गोठेल. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "म्हणजे परत शिपाई व्हायचं."

"जित्तं ऱ्हायचं," तुळजाबाई म्हणाली.

त्यांनी मनावर घेतलं, हे मात्र खरं. दुसऱ्याच दिवशी उठून स्वतः माठाकडे गेले. सगळ्या खोलीत माना वळल्या. शेजारच्या टेबलावरचे काकासाहेब, जुने कारकून आणि तोंडाचे फटकळ, म्हणाले, "काय भाऊसाहेब, संपतच्या पोटावर पाय देता का?"

"डॉक्टरनं सांगितलंय. चालायचं म्हणून."

"मंग जल्दी जल्दी चाला. माझ्याबी टेबलावर एक गिलास येऊ द्या."

सगळे हसले. संपत मात्र संध्याकाळी सायकलजवळ थांबला होता. खाली मान घालून म्हणाला, "भाऊसाहेब, माझं काही चुकलं का? साहेबांनी इचारलं मला, तू काय करून राह्यला म्हणून."

त्याची समजूत काढता काढता त्यांना घाम फुटला. पण महिना-दीड महिना त्यांनी नेम सोडला नाही. दप्तरखोलीतून फायली स्वतः आणत, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येत. सूज उतरायला लागली. चपलेचा पट्टा सैल झाला. रात्री झोप लागायला लागली. तुळजाबाईनं शेजारणीला सांगितलं, माणूस हलका झाला म्हणून.

याच दिवसांत द्वारकाची, त्यांच्या एकुलत्या मुलीची, सोयरीक चालली होती. मुलगा बद्रीनाथ, शाळामास्तर, आष्टीचा. स्थळ काकासाहेबांनीच आणलं होतं. आष्टी त्यांची सासुरवाडी. मुलगी पसंत होती. पण बघणं झालं तरी मुलाकडचं कुणीतरी न सांगता येऊन घरदार, नोकरी डोळ्यांनी पाहून जातं, ही तिकडची रीतच. बापानं सांगितलेलं खरं की खोटं, ते असं तपासायचं.

मुलाचा मामा रखमाजी तसाच आला. धोतर, कोट, हातात छत्री. व्हरांड्यात उभा राहून इकडे-तिकडे बघत होता. कचरू भाऊसाहेब दप्तरखोलीतून येत होते. काखेत फायलींचा गठ्ठा, हातात पाण्याचा गिलास.

"ए दादा, इकडं ये," रखमाजीनं हाक मारली. "ते कचरू भाऊसाहेब कोणते?"

"मीच की."

"मस्करी करतो काय रे? सोयरिकीचं काम है. बोलाव त्यांना बाहेर."

"खरंच मीच. बसा ना." काय करावं ते न सुचून त्यांनी हातातला गिलास पुढे केला. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, एवढंच हाताला ठाऊक होतं. रखमाजीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाणी प्यायला, आणि रिकामा गिलास न बघता परत दिला, जसा शिपायाला देतात. मग छत्री काखोटीला मारून फाटकाबाहेर पडला.

चार दिवसांनी काकासाहेब खुर्ची ओढून जवळ बसले. आज त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

"आष्टीहून निरोप है. मामा म्हणतेत, पोरीचा बाप शिपाई निघाला. कारकून म्हणून आम्हाला फसवलं."

"तुम्ही सांगितलं न्हाई का, डॉक्टरनं चालायला..."

"सांगितलं ना. तर म्हणे, मंग बापाला रोग है का? पोरीतबी उतरला असंल. आता बोला! शिपाई म्हणू द्यायचं का रोगी म्हणू द्यायचं?" काकासाहेबांनी आवाज खाली आणला. "मी त्यांना परत बोलावतो. तुम्ही फक्त बसा. बराबर बसा, घंटी वाजवा, पायाचं नाव काढू नका. लगीन होऊ द्या, मंग पाहिजे तर मुंबईपर्यंत चालत जा."

रखमाजी परत आला तेव्हा कचरू भाऊसाहेब खुर्चीत होते. घंटी वाजली. संपत धावत आला. पाणी आलं, चहा आला, मागितलेली फाईल आली, न मागितलेलीही आली. संपतनं तर जाता जाता त्यांच्या खुर्चीच्या हातांवरची धूळही झटकली. रखमाजी खूश झाला. म्हणाला, "त्या दिवशी मला वाटलं... जाऊ द्या. आता पटलं."

लग्न मे महिन्यातलं ठरलं. मधले तीन महिने आष्टीचं कुणी ना कुणी जाफराबादला येतच राहिलं. कधी चुलता, कधी आतेभाऊ. कापसाचं निमित्त, बाजाराचं निमित्त. कोण कधी फाटकातून आत येईल याचा नेम नव्हता. कचरू भाऊसाहेबांची नजर सारखी दाराकडे असायची. दोन-तीनदा उठावंसं वाटलं, खुर्चीच्या हातांवर जोर दिला, आणि बाहेर अनोळखी टोपी दिसली म्हणून परत टेकले. त्यात मार्चअखेर आली. सकाळी बसायचं ते दिवे लागेपर्यंत.

सूज परत आली. आता ती नुसती सूज नव्हती. पोटरी दगडासारखी घट्ट आणि गरम लागायची. रात्री पाय उशीवर ठेवला तरी ठणका थांबायचा नाही. तुळजाबाईनं कंदील जवळ धरून पाहिलं आणि तिचा आवाज चढला.

"उद्या जालन्याला चला."

"जालन्याला कोण पाहील, कोण आष्टीला सांगंल. दीड महिना राह्यलाय फक्त."

"मोडली सोयरीक तर मोडू द्या. दुसरं स्थळ येईल. दुसरा नवरा मी कुठून आणू?"

"गप बस. पोरगी जागी है."

पोरगी जागीच होती. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

लग्न केदारखेड्याला झालं. मांडवात त्या दिवशी कचरू भाऊसाहेब पहाटेपासून उभे होते. सगळ्यांना वाटलं, लेकीच्या लग्नात बापाला दम कुठून येतो कोण जाणे. धोतराखाली तुळजाबाईनं जुनं लुगडं फाडून पाय घट्ट बांधला होता. पाठवणी झाली, जीप वळणावर गेली, आणि ते मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले. परत उठता आलं नाही. चौघांनी उचलून गाडीत घातलं.

जालन्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. पायातल्या मोठ्या शिरेत रक्त गोठून बसलं होतं. जीव वाचला. पाय राहिला, पण नावालाच. खांबासारखा सुजलेला, घोट्यापाशी काळा पडलेला, आणि एक जखम जी भरून यायची आणि पुन्हा फुटायची. पुढं कचेरीला जाणं झालं नाही. नोकरीची चार-पाच वर्षं बाकी असतानाच घरी बसावं लागलं.

द्वारका दिवाळीला माहेरी आली, तोवर तिला एवढंच माहीत होतं की दादांचा पाय दुखतो. जखम धुताना तिनं पाहिलं. तुळजाबाईनं मग काहीच लपवलं नाही. डॉक्टर, रखमाजी, घंटी, सगळं सांगितलं. द्वारका तांबड्या पाण्याचं भगोनं हातात घेऊन तशीच बसली होती.

"दादा, तुम्ही शिपाई असते तरी काय झालं असतं? तिकडं मला कुणी कधी इचारलंबी न्हाई, बाप काय करतो म्हणून. ते रखमाजी मामा तर आता येतबी न्हाईत आमच्याकडं. मला चाललं असतं ना."

कचरू भाऊसाहेबांनी पट्टी बांधायला पाय तुळजाबाईपुढे केला.

"तुला चाललं असतं, बाई," ते म्हणाले. "मला चाललं नस्तं."

नंतर त्यांनी पाय खाली सोडला आणि हात पुढे केला. "चल, उठव. अंगणात जाऊ."

एका बाजूनं द्वारका, एका बाजूनं तुळजाबाई. उंबरा ओलांडायलाच वेळ गेला. अंगणात शेजारच्या पोरांनी फटाक्यांचे कागद टाकले होते, त्यांतून पाय ओढत ते बाभळीच्या कुंपणाकडे निघाले. निम्म्यावर पट्टी ओली झालेली द्वारकाला दिसली. ती म्हणाली, "दादा, बसा आता."

"आणखी थोडं."

थोडं आणखी झालं. मग पाय पुढे येईना. तुळजाबाई खाट आणायला घरात धावली, आणि ती येईपर्यंत ते लेकीच्या खांद्यावर सगळा भार टाकून, डोळे मिटून, उभे राहिले.