पायाला चिकटलेले धागे
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला, की मला हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या आमच्या क्वार्टरमधली एक दुपार आठवते. मुलगी कॉलेजच्या सहलीला कोकणात गेली होती. अचानक तिचा फोन आला, "आई, समुद्रात जेलीफिशने डंख मारला. पायाला धागे चिकटलेत, आग होतेय!" मागून तिची मैत्रीण ओरडत होती, "अरे, रेत से रगड़ दो!" शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या नणंदेने फोन ओढून घेतला. "चोळू नकोस! त्या धाग्यांत डंखाच्या पेशी असतात. चोळलंस किंवा गोडं पाणी ओतलंस, तर उरलेल्या पेशीही फुटून विष टोचतील. समुद्राचंच पाणी ओत, धागे काठीने अलगद काढ आणि डॉक्टरकडे जा." तेवढ्यात फोन कटला. मग लागेचना. मी फाटक ते स्वयंपाकघर नुसती येरझारा घालत होते. "काही होणार नाही," म्हणणाऱ्या नणंदेचाही चहा तसाच गार झाला. ऊन उतरल्यावर फोन वाजला. "आई, धागे सगळे निघाले. आता डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गरम पाण्यात पाय ठेवून बसलेय. बरं वाटतंय." आता ती गोव्यात नोकरी करते, रोज समुद्रात पोहते. मी तिला कधीच अडवत नाही. फक्त ती बाहेर आल्याचं कळेपर्यंत मला इथे खाली बसवत नाही.