चाळीस सैनिकांची जमीन

मिस्त्रींनी एक्केचाळीस वर्षं भिंतींना गिलावा केला. भिंत झाली की ते डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायचे. एक खडा जरी हाताला लागला तरी तेवढा भाग खरवडून परत करायचे. मालक खूश असायचे, हाताखालचे मजूर मेटाकुटीला यायचे. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. परांचीवर चढणं थांबलं आणि मिस्त्री लेकीकडे राहायला आले.

पहिल्या महिन्यात त्यांनी न्हाणीघराच्या फटी बुजवल्या, गॅलरीचा कोपरा सरळ केला, शेजारणीच्या उंबऱ्याचा उडालेला टवका भरून दिला. दुसऱ्या महिन्यात घर संपलं.

"बाबा, आता बसा की निवांत," लेक म्हणाली.

ते बसले. पण हातांना कुणी सांगायचं?

जावई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसाला मोजून चार वाक्यं बोलायचा, त्यातली तीन बायकोशी. सुट्टी आली की अंगठ्याएवढे प्लास्टिकचे सैनिक घेऊन बसायचा. त्याच्यासारख्यांचं एक मंडळ होतं, तिथे टेबलावर लढाया होत. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, फौज पुढे सरकवायची. मंडळाचा नियम कडक होता. सैनिकाच्या पायाखाली जी काळी प्लास्टिकची चकती असते, तिच्यावर खरीखुरी वाटेल अशी जमीन हवी. तीही रंगाच्या आधी, म्हणजे रंगाचा पहिला हात जमीन आणि सैनिक दोघांनाही एकदमच बसतो.

एका संध्याकाळी जावई काडीने डिंक लावत होता आणि वर चिमटीने वाळू टाकत होता. मिस्त्री मागे उभे राहून बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"राग येणार नसेल तर एक बोलू?"

"बोला ना."

"ही जमीन नाही, जावईबापू. काकडीवर मीठ भुरभुरवलंय तुम्ही."

जावयाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तीन सैनिक पुढे सरकवले. तासाभराने त्या तिघांच्या पायाखाली चढ होता, घसरण होती, एका टाचेशी दगड होता. जावयाने भिंग लावून ते पाहिले. मग आतून डबा आणला.

"चाळीस आहेत. शुक्रवारपर्यंत होतील? शनिवारपासून रंगवायला आठवडाभर रजा टाकलीय. रजा संपते त्या रविवारी सामना आहे."

या घरात त्यांना मिळालेलं हे पहिलं काम. त्या रात्री मिस्त्री दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी चहाची गाळणी गायब झाली. मिस्त्रींनी वाळूचे तीन भाग केले होते: बारीक, मध्यम, जाड. "माझा चहा कशाने गाळू?" लेकीने विचारलं. "आज पावडरीसकट पी," ते म्हणाले. आयुष्यभर भिंतीवरून खडे काढले, आता वेचून वेचून लावायचे होते. भालेवाल्याला त्यांनी पाय रोवायला खाच दिली. तिरंदाजाला उंचवटा दिला. "लांबचं दिसायला नको का त्याला?" गुरुवारी संध्याकाळी चाळीसच्या चाळीस खिडकीत एका मोठ्या ताटात रांगेने उभे राहिले.

शुक्रवारी सकाळी लेक-जावई कामावर गेले. मिस्त्री उठले, चूळ भरली, खिडकीशी आले. ताजं काम समोर होतं. हात आपोआप चालले. लेकीची इस्त्रीच्या वेळची फवाऱ्याची बाटली घेतली आणि जमिनीवर पाणी मारलं. सकाळी मारलं, दुपारी मारलं, चार वाजता आणखी एकदा भरपूर मारलं. गिलाव्याला पाणी दिलं नाही तर तो तडकतो, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं.

पाच वाजता त्यांनी चष्मा लावून पाहिलं. सैनिक दुधात उभे होते. डिंक विरघळून पांढरा झाला होता, वाळू ओघळून ताटात साचली होती. तिरंदाज उघड्या चकतीवरून लांबचं बघत होता.

मिस्त्री खुर्चीत बसले. दिवा लावायचंही त्यांना सुचलं नाही. आता हा माणूस आपल्या हातात पुन्हा काही देणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

जावई आला. त्याने ताटातला एक सैनिक उचलून पाहिला.

"पाणी मारलंत?"

"तीन वेळा."

"का?"

"नसतं मारलं आणि काम तडकलं असतं तर तोंड कुठे दाखवलं असतं?"

जावयाचे खांदे हलले. मिस्त्रींना वाटलं, रडतोय. तो हसत होता. लेक दारातच थबकली. लग्नाला सहा वर्षं झाली, असं हसू तिने ऐकलं नव्हतं.

"जाऊ द्या बाबा. गेल्या वर्षीची फौज नेतो."

"छे. गिलावा पडला म्हणून मालकाला दुसरं घर बघा म्हणतात का?"

त्यांनी आपली जुनी पिशवी काढली. भिंतीची पुट्टी, त्यात चाळलेली वाळू, थोडा डिंक. शनिवारी उजाडताच दोघे बसले. जावई चकत्या खरवडून द्यायचा, मिस्त्री माल लावायचे. दहाव्या सैनिकापर्यंत सगळं अदबीत चाललं.

"माल घट्ट झाला, जरा पाणी घाल. अरे, इतकं नको! लग्न झालंय का तुझं, की अजून..."

मिस्त्री जागच्या जागी थिजले. मजुरांना द्यायचा तोच दम, तोही जावयाला, अरे-तुरे करून. लेक स्वयंपाकघरातून डोकावली.

"झालंय," जावई म्हणाला. "तुमच्याच मुलीशी. आता बरोबर आहे का?"

मिस्त्रींनी माल बोटाने तपासला. "हां. आता जमलं."

त्यानंतर मिस्त्रींना अहो-जाहो आठवलंच नाही. संध्याकाळी चाळीस जमिनी सुकल्या. मिस्त्रींनी एकेकीवर नख घासून पाहिलं. कणही सुटला नाही.

आठवडाभर रंगकाम चाललं आणि रविवारी जावई सामना हरून आला. तासाभरात खेळ आटोपला होता. चपला काढायच्या आधी त्याने मिस्त्रींसमोर एक खोकं ठेवलं. आत बारा घोडे होते, बिनरंगाचे, नुसत्या चकत्यांवर.

"हे कुणाचे?"

"जिंकले त्यांचे. म्हणाले, जमीन ज्याने केली त्यालाच द्या."

मिस्त्रींनी एक घोडा उचलला, उजेडात फिरवला.

"याचे पुढचे दोन्ही पाय हवेत आहेत. सगळा भार मागे. मागे खडक द्यावा लागेल, नाहीतर पाठीवर उलटेल."

जावयाने खुर्ची जवळ ओढली. "केवढा खडक?"