पस्तीसची लेन्स

दूरचे जवळ आणणारी लेन्स मी अनेक वर्षे वापरली. गच्चीच्या या टोकाला उभे राहूनही तिच्यातून पत्नीचा चेहरा हवा तितका मोठा दिसे. मला पाऊल उचलावे लागत नसे. आज कॅमेऱ्यावर पस्तीस मिलिमीटरची लेन्स आहे, दुकानदाराने वापरून पाहायला दिलेली. हिच्यातून पलीकडच्या टोकाला बसलेली पत्नी आणि तिने वाळत घातलेल्या कुरडया अगदी लहान दिसतात. चेहरा हवा असेल तर जवळ जाणे भाग आहे, आणि काल मी तिच्या भावाविषयी नको ते बोललो, तेव्हापासून आमचा अबोला आहे.

मी निम्म्या वाटेत थबकलो.

"लांबूनच काढा की, नेहमीसारखा," ती मान वर न करता म्हणाली.

आपल्या नजरेला कोणती लेन्स मानवते, हे मी आजवर सोयीने ठरवत आलो. दुरून पाहणाऱ्याला सगळे दिसते. त्याला जाब मात्र कोणी विचारू शकत नाही. मी पुढे गेलो.

"वाळवणावर सावली पडतेय. बसा, नाहीतर जा."

मी कॅमेरा खाली ठेवून बसलो. "काल माझे चुकले."

तिने समोरची एक कुरडई उलटून ठेवली.

"हात धुऊन या," मग ती म्हणाली, "आणि या कुरडया उलटायला घ्या."