धरण न आलेला फोटो

हिंगोलीतल्या आमच्या फोटोग्राफरने नवा कॅमेरा घेतला, पण जुनी आट्यांची लेन्स काही सोडली नाही. नव्या कॅमेऱ्याला लेन्स खटक्याने बसायची. याने लेथवाल्याकडून मधलं पितळी कडं करून घेतलं आणि जुनीच त्यावर फिरवून बसवली. कड्याच्या जाडीमुळे लेन्स पुढे सरकली आणि तिला लांबचं धड दिसेना. मग लग्न असो की बारसं, बोलतानाही एक डोळा बारीक ठेवणाऱ्या या माणसाचं एकच पालुपद: "जवळ या, अजून जवळ या."

सिद्धेश्वरला सहलीत मी चिडलोच. "अहो, मागं धरण तरी येऊ द्या! इथवर त्यासाठीच आलो ना?"

"धरण काहून पाह्यजे, भाऊ? ते उद्याबी हितंच राहणार हाय," म्हणत त्याने माझ्या आईला हाक मारली, "माय, जरा म्होरं या."

फोटोत धरणाच्या जागी नुसता राखाडी धूर आहे. आईच्या कपाळावरचं गोंदण मात्र ठिपका न् ठिपका दिसतं.

आई गेल्यावर एकदा सिद्धेश्वरला जाऊन आलो. तो म्हणाला होता तसं, धरण तिथंच होतं.