ज्यांचं नाटक, त्यांना आधी

श्री. भगवानराव तायडे यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. महाराष्ट्र राज्य होऊन वर्षभर लोटलं असेल. मी नागपूरहून मलकापूरच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले होते आणि माझी पुस्तकांची ट्रंक चार दिवस स्टेशनवर सापडत नव्हती. पाचव्या दिवशी मी पार्सल ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिले आणि कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं सगळं इंग्रजी आत ओतलं. आतल्या बाबूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं, तेलाच्या डब्यांमागून ट्रंक स्वतः ओढून काढली आणि म्हणाले, "बाई, नाटकात काम करता का? तुमचा आवाज पार मालधक्क्यावर ऐकू जाऊन राह्यला."

हे तायडेबाबू. त्यांचं समरंग नाट्य मंडळ तेव्हा दोन वर्षांचं होतं. शिंपी, जिनिंगमधले मजूर, एक पोस्टमन आणि आता मी, असा संच. तिकीट नाही, मानधन नाही. मंडळाचा एकच नियम होता आणि तो बाबूंचा होता: नाटक ज्यांच्यावर, पहिला प्रयोग त्यांच्यापुढे. प्रयोग संपला की बाबू पुढे येऊन विचारत, "आता सांगा, आमी कुठं खोटं बोललो?" लोक सांगतील ते बदलल्याशिवाय दुसरा प्रयोग होत नसे. मला हा नियम वेडगळ वाटे. लेखकाने लिहायचं आणि प्रेक्षकांनी खोडायचं, हे आम्हाला नन्सनी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी मंडळासाठी विहिरीवरचं नाटक लिहिलं. गावच्या विहिरीवर बौद्ध वस्तीतल्या बाईला पाणी भरू देत नाहीत, हा विषय. मुख्य काम मीच करत होते. त्यात ती बाई एका बागायतदारिणीच्या पाया पडून पाण्यासाठी आक्रोश करते, असा प्रसंग होता. तालमीत तो करताना मी स्वतः रडत असे. त्यामुळे तो उत्तम उतरला आहे, याबद्दल मला शंका नव्हती.

पहिला प्रयोग रीतीप्रमाणे वस्तीत झाला. बाबूंनी प्रश्न विचारला, तशा जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या कौसाबाई उठल्या. "बाई, रडणं चांगलं जमते तुमाले. पन हे खोटं हाय. आमी पाया नाई पडत."

"मग काय करता?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"बसून राह्यतो. ऊन चढते. कोनी ओतलं तं ओतलं."

बाबू म्हणाले, "कसं बसता, ते दाखवता का, कौसावहिनी?"

कौसाबाई पुढे आल्या, घागर घेतली आणि विहिरीपासून पाच हात लांब बसल्या. पदर सारखा केला आणि कुणाकडेही न बघता बसून राहिल्या. बस, एवढंच. समोरची माणसं हलायची थांबली. माझा दोन महिन्यांचा आक्रोश त्या दोन मिनिटांत निकालात निघाला.

परतताना मी बाबूंवर उखडले. ते स्वतः याच वस्तीत वाढलेले. "तुम्हाला हे ठाऊक होतं. मग तालमीतच का नाही सांगितलंत?"

"मी सांगतलं असतं तं तुमी वाद घातला असता," ते म्हणाले. "कौसावहिनीसंगं कसा घालान?"

ते काम त्या दिवसापासून कौसाबाईंचं झालं. मी महिनाभर बाबूंशी बोलले नाही. त्याच महिन्यात मला टायफॉइड झाला. डॉक्टरांनी कपाळावर बर्फ ठेवायला सांगितलं, आणि मलकापुरात बर्फ मिळेना. आठ दिवस रोज भुसावळच्या गाडीने लाकडाच्या भुशात गुंडाळलेला बर्फ येत होता. ड्यूटी संपली की बाबू तो सायकलवर घालून आणत, दाराशी ठेवत आणि मी अबोला धरला आहे हे ध्यानात ठेवून एक शब्द न बोलता निघून जात.

बाबूंच्या गौरव अंकासाठी नेमलेल्या समितीच्या पत्रकात मंडळाबद्दल 'शहरातील सभागृहाच्या उदार आश्रयाने वाढलेली संस्था' असे शब्द आहेत. मला लेख मागताना 'वादाचे प्रसंग टाळावेत' असंही कळवलं आहे. हे दोन्ही वाचून मला संताप आला, म्हणून घडलं ते लिहिते. या सभागृहात एक प्रयोग मिळावा म्हणून बाबू दोन वर्षं खेटे घालत होते. विहिरीच्या नाटकाला अखेर परवानगी मिळाली. मग चार दिवस आधी एक विश्वस्त तालमीला आले आणि गोड आवाजात म्हणाले, "बाबू, हॉल तुमचाच हाय. फक्त ते पान्याचं काम शिक्षिकाबाईंनी करावं. लोकं नावं ठेवतीन, समजून घ्या."

बाबूंनी स्वतः उत्तर दिलं नाही. सगळ्यांना गोल बसवून विचारलं. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं होतं. मी मान खाली घालून गप्प राहिले, आणि ते मी विसरलेले नाही.

कौसाबाईच म्हणाल्या, "होऊ द्या ना बाईचं. दोन सालापासून तुमी त्या हॉलसाठी फिरून राह्यले. मी मांगं बसीन."

"तुमी मांगं बसल्या तं पुढं काय दाखवाचं?" बाबू म्हणाले. "हेच तं दाखवून राह्यलो आपन." त्यांनी विश्वस्तांना नमस्कार केला आणि हॉल नको म्हणून सांगितलं.

रविवारी कापूस बाजारात लिलाव बंद असतो. शनिवारी आलेले गाडीवान सोमवारपर्यंत अडकून पडतात. बाबूंनी त्यांच्याकडे गाड्या रिकाम्या करून मागितल्या. एक गाडीवान म्हणाला, "नाटक फुकट हाय ना? मंग घ्या. पन गाडी मोडली तं घरापावतर तुमीच ओढा!" सहा गाड्या चाकाला चाक लावून उभ्या केल्या, वर फळ्या टाकल्या, आणि बाजारातच भर दुपारी प्रयोग झाला. मी गाडीखाली बसून प्रॉम्प्टिंग केलं. कौसाबाईंना त्याची गरज नव्हती. त्या प्रसंगात त्यांना एकही वाक्य नव्हतं.

शेवटी बाबूंनी प्रश्न विचारला. मग डोक्यावर पदर घेतलेल्या, बागायतदार घरच्या एक वयस्क बाई उठल्या. सून त्यांचा पदर ओढत होती. "आत्याबाई, चला ना!"

"चूप बस. त्यानं इचारलं तं सांगू नको का?" आणि बाबूंकडे वळून त्या म्हणाल्या, "खोटं नाई. पन कमी दाखवलं. आमी भरलेली बादली हातात धरून गोष्टी करत उभ्या राह्यतो. मुद्दाम. ते बी दाखवा."

बाबू एवढंच म्हणाले, "दाखवतो, आई." पुढच्या प्रयोगापासून तो भाग नाटकात आला, आणि तो लिहिताना मी वाद घातला नाही. पुढे दोन वर्षांनी सभागृह विनाअट मिळालं. त्याला आश्रय म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

तायडेबाबू आता नोकरीतून मोकळे झाले आहेत आणि नव्या नाटकाच्या तालमी घेत आहेत. नाटक शाळेवर आहे: कोणत्या वस्तीतल्या मुली पुढच्या बाकावर बसतात आणि कोणत्या मागच्या. रीतीप्रमाणे पहिल्या प्रयोगाचं बोलावणं आम्हा निवृत्त शिक्षिकांना आलं आहे. पंचवीस वर्षं मी वर्गात मुलींना जागा नेमून देत होते, तेव्हा काय दाखवतील याची मला कल्पना आहे. मी जाणार आहे. त्यांनी विचारलं की मला उठावं लागेल, आणि 'खोटं आहे' असं म्हणता येणार नाही. बाबूंची प्रकृती धडधाकट राहो, त्यांना शंभरी लाभो. त्यांच्यासमोर 'खोटं नाही' एवढं बोलण्यापुरतं धैर्य मला लाभो.